एकच वाय-फाय नाव, दोन राउटर : फोन एकाला सोडून दुसऱ्याकडे केव्हा जातो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : घर दुमजली आहे. खाली इंटरनेट सेवेसोबत आलेला राउटर आहे आणि वरच्या मजल्यावर घरातलाच एक जुना राउटर केबलने जोडून त्याला तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला आहे. वरून खाली आल्यावर फोन बराच वेळ वरच्याच राउटरला चिकटून राहतो, आणि शेवटी जेव्हा खालच्याकडे वळतो तेव्हा चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटतो. म्हणून आपण विचारले आहे की दोघांना एकच नाव देणे ही चूक झाली का, आणि वेगवेगळी नावे द्यावीत का.

नाव एकच राहू द्या. मात्र आपण एक तक्रार म्हणून जे मांडले आहे त्यात माझ्या मते दोन वेगळे प्रश्न गुंतले आहेत. फोन उशिरा वळतो हा पहिला, आणि वळल्यावर कॉल तुटतो हा दुसरा. पहिल्याचे मूळ फोनच्या स्वभावात आहे, दुसऱ्याचे बहुधा वरच्या राउटरच्या जोडणीत. पहिला प्रश्न पूर्णपणे कधीच सुटत नाही, तो फक्त सुसह्य करता येतो. दुसरा मात्र अर्ध्या तासात कायमचा सुटण्यासारखा असतो. दोन्ही एकत्र धरून सेटिंग बदलत बसले की कशाने काय झाले ते कळेनासे होते.

आधी फोनला काय दिसते ते पाहू. वाय-फायचे नाव, म्हणजे एसएसआयडी, ही नुसती पाटी आहे. प्रत्येक राउटरमधल्या प्रत्येक रेडिओला स्वतःचा ४८ बिटांचा वेगळा पत्ता असतो, त्याला बीएसएसआयडी म्हणतात. आपले दोन्ही राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालत असतील, तर आपल्याला यादीत एकच नाव दिसत असले तरी फोनपुढे चार उमेदवार उभे असतात. यातला प्रत्येक जण साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी ‘मी इथे आहे, माझे नाव हे, माझी सुरक्षा पद्धत ही’ असा संदेश, म्हणजे बीकन, हवेत सोडत असतो. फोनने आपल्या स्मरणात नाव, सुरक्षा पद्धत आणि पासवर्ड एवढेच ठेवलेले असते, आणि हे जुळणारा कोणताही रेडिओ त्याच्या लेखी एकाच नेटवर्कचा भाग ठरतो.

यातला ‘जुळणारा’ हा शब्द काटेकोरपणे घ्यावा लागतो. नावातले लहान-मोठे इंग्रजी अक्षर वेगळे धरले जाते, शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा नावाचा भाग होते, आणि एका राउटरवर डब्ल्यूपीए-२ ही सुरक्षा पद्धत व दुसऱ्यावर फक्त तिची पुढची आवृत्ती डब्ल्यूपीए-३ असेल तर अनेक उपकरणे त्यांना एक नेटवर्क मानत नाहीत. नावाला कमाल ३२ बाइट मिळतात. हौसेने नाव देवनागरीत ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे असतात, त्यामुळे दहा चिन्हांतच जागा संपते. म्हणून दोन्ही ठिकाणी नाव, पासवर्ड आणि सुरक्षा पद्धत या तिन्ही गोष्टी अक्षरशः सारख्या आहेत ना, हे आधी एकदा समोरासमोर ताडून पाहावे.

आता निर्णय कोण घेते ते पाहू. पुष्कळ लोकांची समजूत अशी असते की राउटर आपसात बोलून फोनला एकमेकांकडे सोपवतात. मोबाईल टॉवरच्या बाबतीत साधारण तसेच घडते : चालू कॉलच्या वेळी फोन मोजमाप कळवतो आणि कुठे जायचे याचा आदेश नेटवर्क देते. वाय-फायमध्ये उलटे आहे. कोणत्या रेडिओशी जोडले जायचे, त्याला केव्हा सोडायचे आणि पुढे कुणाला धरायचे, हे सगळे फोन किंवा लॅपटॉप स्वतः ठरवतो. १९९७ साली ८०२.११ हे मानक आले तेव्हापासून ही मुखत्यारी उपकरणाकडेच आहे, आणि ती कशी वापरावी याचा एकच एक नियम मानकात नाही. म्हणूनच त्याच घरात त्याच जिन्यावरून उतरताना एक फोन पटकन वळतो आणि दुसरा शेवटच्या पायरीपर्यंत जुनेच धरून बसतो.

बहुतेक उत्पादक आपले नियम जाहीर करत नाहीत. ॲपलने ते केले आहेत, म्हणून उदाहरणादाखल तेच घेतो. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा ऋण असतो : उणे ४५ म्हणजे राउटर जवळच आहे, उणे ८० म्हणजे जेमतेम. तीन डेसिबलचा फरक म्हणजे ताकद साधारण निम्मी किंवा दुप्पट, आणि दहाचा फरक म्हणजे दहापट. आयफोन आणि आयपॅड चालू जोडणीचा सिग्नल उणे ७० पर्यंत खाली येईतो दुसरा रेडिओ शोधायलाच लागत नाहीत. मॅकसाठी हाच उंबरठा उणे ७५ आहे. शोध सुरू झाल्यावरही आयफोन नव्या रेडिओकडे तेव्हाच वळतो जेव्हा तो जुन्यापेक्षा, डेटाची ये-जा चालू असल्यास किमान ८ डेसिबलने आणि नसल्यास १२ डेसिबलने सरस असतो.

हे आकडे आपल्या घराला लावून पाहा. खालच्या दिवाणखान्यात वरच्या राउटरचा सिग्नल उणे ६६ येत असेल, तर खालचा राउटर हाताच्या अंतरावर उणे ४० ने ओरडत असला तरी आयफोनला त्याच्याकडे पाहण्याचे कारणच पडत नाही. आपल्या दृष्टीने तो चुकीच्या राउटरला चिकटला आहे, पण त्याच्या दृष्टीने त्याचे व्यवस्थित चालले आहे. आपण ज्याला हट्ट म्हणतो तो पुष्कळदा वरच्या राउटरच्या अति ताकदीचा परिणाम असतो.

फोन इतका नाखूष का असतो, यालाही कारण आहे. त्याचा रेडिओ एका वेळी साधारणपणे एकाच चॅनेलवर ऐकू शकतो. दुसरे कोण आहे हे पाहण्यासाठी त्याला चालू चॅनेल क्षणभर सोडून इतर चॅनेलवर फेरी मारावी लागते, आणि तेवढा वेळ चालू संभाषण थांबते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये देशानुसार ११ किंवा १३ चॅनेल असतात, ५ गिगाहर्ट्झमध्ये आणखी वीस-पंचवीस. जिथे फोन स्वतः हाक मारू शकतो तिथे उत्तर काही मिलिसेकंदांत येते. पण ५ गिगाहर्ट्झच्या ज्या चॅनेलवर रडारला प्राधान्य असते तिथे त्याला बहुधा गप्प राहून बीकनची वाट पाहावी लागते, म्हणजे एकेका चॅनेलवर शंभरावर मिलिसेकंद. सगळी फेरी धरली तर काही सेकंद जाऊ शकतात. शिवाय थोड्या-थोड्या फरकावर जागा बदलू लागला, तर मधल्या खोलीत बसलेल्या माणसाचा फोन दोन राउटरांमध्ये सतत उड्या मारत राहील. ८ किंवा १२ डेसिबलची अट त्यासाठीच आहे.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर एक प्रयोग करा; कोणत्याही जागेचे काम हाती घेतले की मी आधी तोच करतो. मॅकवर ऑप्शन ही कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की बीएसएसआयडी, चॅनेल आणि सिग्नलचा आकडा दिसतो. अँड्रॉइडवर वाय-फाय मोजणारे कोणतेही साधे ॲप चालते. आधी दोन्ही राउटरांचे बीएसएसआयडी कागदावर लिहून घ्या. मग वरच्या राउटरजवळून सुरुवात करून सावकाश खाली उतरा, दर चार पायऱ्यांवर दहा सेकंद थांबा आणि आकडा टिपा. एका जिन्यावर टिपलेला माझा कागद असा होता : वर उणे ४८, वळणावर उणे ५९, खालच्या पायरीशी उणे ६४, दिवाणखान्याच्या मध्यावर उणे ६८, आणि स्वयंपाकघराच्या दारात उणे ७६ झाल्यावर लगेच बीएसएसआयडी बदलून उणे ५१. म्हणजे त्या घरात लॅपटॉपचे काही बिघडलेले नव्हते. वरचा राउटर खाली दिवाणखान्यापर्यंत पुरेसा ऐकू येत होता, एवढेच. त्याची शक्ती कमी केल्यावर तोच बदल खालच्या पायरीशी होऊ लागला.

आता दुसरा प्रश्न : वळल्यावर कॉल का तुटतो? दोन्ही राउटर एकाच स्थानिक नेटवर्कचे दोन दरवाजे असतील, तर वळण्याचे काम फार मोठे नसते. फोन नव्या रेडिओकडे पुन्हा जोडणीची विनंती पाठवतो, पासवर्डवरून दोन्ही बाजू चार संदेशांत ताज्या किल्ल्या ठरवतात, आणि नव्या दारातून फोनच्या पत्त्याची पाकिटे येऊ लागताच मधला स्विच ‘हा आता या पोर्टवर आहे’ अशी नोंद बदलतो. फोनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कने त्याला दिलेला क्रमांक, तोच राहतो, म्हणून वरच्या थरांना काही कळत नाही. घरगुती पासवर्डच्या नेटवर्कवर या देवघेवीला सहसा काही दहा मिलिसेकंद लागतात. व्हिडिओ कॉलमध्ये चित्र क्षणभर अडखळते, पण कॉल टिकतो.

कॉल तुटतो तेव्हा माझा पहिला संशय आयपी पत्त्यावर जातो. जुना राउटर वर नेताना बहुतेक जण खालून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बहुधा वेगळ्या रंगाच्या एकुलत्या पोर्टमध्ये, खुपसतात. इंटरनेट चालते, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते. पण तसे केल्याने वरचा राउटर राउटरच राहतो : तो आपले वेगळे नेटवर्क मांडतो, आपले पत्ते वाटतो आणि त्याच्यामागे पत्त्यांचे भाषांतर दुसऱ्यांदा होते. मग पाटी एक आणि घरे दोन अशी अवस्था येते. फोन नाव पाहून समजतो की आपण त्याच घरात आहोत, जुना पत्ता घेऊन नव्या दारातून आत शिरतो, आणि आत त्या पत्त्याला कुणी ओळखत नाही. वाय-फायच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या दिसतात आणि इंटरनेट मात्र नसते. थोड्या वेळाने फोन नवा पत्ता मागून घेतो. पण जुन्या पत्त्यावर बांधलेला कॉल, डाउनलोड, कार्यालयाचे व्हीपीएन, सगळे तोवर गेलेले असते.

याची खूण ओळखणे सोपे आहे. वर असताना फोनच्या वाय-फाय तपशिलात आयपी पत्ता पाहा आणि खाली येऊन, बदल झाल्यावर, पुन्हा पाहा. वर १९२.१६८.०.२३ आणि खाली १९२.१६८.१.१४ असे काही दिसले, तर दोष सापडला. आकडे सारखेच दिसले तरी लगेच निश्चिंत होऊ नका, कारण एखाद्या वेळी दोन वेगळी नेटवर्के सारखेच आकडे वाटत असतात. खात्रीची कसोटी ही की खालच्या राउटरशी जोडलेले असताना वरच्या राउटरचे व्यवस्थापनाचे पान त्याच्या पत्त्यावर उघडते का. योग्य जोडणीत ते उघडायला हवे.

या चुकीने मलाही एकदा चांगलेच फिरवले आहे. एका लहान कार्यालयात लोकांचे कॉल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना तुटत असत. मी अर्धा दिवस चॅनेल बदलले, शक्ती कमी-जास्त केली, एका राउटरची जागासुद्धा हलवली, आणि दर वेळी थोडा फरक पडल्यासारखे वाटले, कारण वळण्याची जागा बदलत होती. शेवटी स्टुलावर चढून वरच्या राउटरमागे पाहिले, तर केबल वॅन पोर्टमध्ये होती. तेव्हापासून मी सॉफ्टवेअर उघडण्याआधी केबल कुठे जाते ते डोळ्यांनी पाहतो.

उपाय असा. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’, म्हणजे राउटरने वेगळे नेटवर्क न मांडता फक्त वाय-फायचे दार होऊन राहण्याची सोय, असेल तर तो निवडा. बाकीचे तो स्वतः करतो. तसा पर्याय नसेल तर आधी त्याचा स्वतःचा लॅन पत्ता, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता, खालच्या नेटवर्कमधला, पण खालचा राउटर जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा द्या, उदाहरणार्थ खालचा १९२.१६८.१.१ असेल तर वरचा १९२.१६८.१.२. मग वरच्याचे डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याची सोय, बंद करा आणि सर्वांत शेवटी केबल वॅनमधून काढून लॅनच्या कोणत्याही पोर्टमध्ये लावा. क्रम पाळावा, कारण डीएचसीपी चालू असतानाच केबल लॅनमध्ये लावली तर एकाच नेटवर्कवर दोघे पत्ते वाटू लागतील आणि काही उपकरणे इंटरनेटचा रस्ता चुकतील.

एवढे झाल्यावर बहुतेक घरांत कॉल तुटणे थांबते, आणि मग उशिरा वळण्याकडे लक्ष देता येते. इथून पुढचे सारे परिस्थितीवर अवलंबून आहे : स्लॅब किती जाड आहे, जिना उघडा आहे की बंद, फोन कोणते आहेत, शेजारचे नेटवर्क किती आहेत. म्हणून नेमका आकडा मी देऊ शकत नाही, दिशा देतो.

पहिले काम शक्ती कमी करण्याचे. राउटर कमाल शक्तीवर चालवला की जास्त चांगले, हे एका राउटरच्या घरात काही प्रमाणात खरे असेल, पण दोन असताना ते उलटते. फोनची प्रक्षेपणशक्ती सहसा राउटरपेक्षा कमी असते. त्यामुळे दूरच्या खोलीत राउटरचा आवाज फोनला ऐकू येतो, पण फोनचा आवाज राउटरपर्यंत धड पोहोचत नाही. पट्ट्या दोन-तीन दिसतात आणि पाठवलेला फोटो मात्र गोल फिरत राहतो. दोन्ही राउटर मध्यम शक्तीवर आणा, आणि २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ ५ गिगाहर्ट्झपेक्षा आणखी साधारण ६ डेसिबलने खाली ठेवा, कारण २.४ भिंती-स्लॅबमधून जास्त सहज जातो आणि त्याच्याच लांब हातामुळे फोन अडकून राहतो. जिथे तुम्हाला बदल व्हावासा वाटतो तिथे नवा राउटर उणे ६५ च्या आसपास किंवा त्याहून चांगला ऐकू यावा आणि जुना उणे ७० च्या पलीकडे गेलेला असावा, असे मी धरतो. शक्ती इतकीही उतरवू नका की मध्येच कुणाचाच आवाज येणार नाही. आवाक्याचा थोडा मिलाफ हवाच, नाहीतर फोन बदलणार नाही, निसटेल.

राउटरची जागा हीही तितकीच महत्त्वाची. वरचा राउटर जिन्याच्या तोंडाशी आणि खालचाही जिन्याच्या पायथ्याशी असेल, तर दोघे एकमेकांच्या अंगणात उभे आहेत. एकाला घराच्या एका टोकाकडे आणि दुसऱ्याला विरुद्ध टोकाकडे सरकवले तर पुष्कळदा कोणतीही सेटिंग न बदलता काम होते.

चॅनेल वेगळे ठेवा. २.४ मध्ये २० मेगाहर्ट्झ रुंदी आणि १, ६, ११ यांपैकी दोन. ५ मध्ये एकमेकांवर न पडणारे कोणतेही दोन. नाव एकच असेल तर चॅनेलही एकच हवा, असा एक गैरसमज मला वारंवार भेटतो. तो रिपीटर आणि बिनतारी मेश (एकाच व्यवस्थेखाली चालणाऱ्या अनेक वाय-फाय खोक्यांचा संच) अशा जोड्यांवरून आला असावा, कारण तिथे दोन खोके हवेतूनच एकमेकांशी बोलतात. केबलने जोडलेल्या राउटरांना त्याची गरज नाही. एकाच चॅनेलवर ठेवले तर दोघांना आळीपाळीने बोलावे लागेल.

राउटरमध्ये सर्वांत कमी डेटा-गती ठरवण्याची सोय असेल तर २.४ वरच्या १, २, ५.५ आणि ११ मेगाबिटच्या जुन्या गती बंद करता येतात. त्याने दूरच्या फोनला रांगत राहण्याची सवलत मिळत नाही आणि तो लवकर दुसरीकडे पाहू लागतो. घरात फार जुने उपकरण असेल तर ते यात बाद होऊ शकते, तेवढे पाहून घ्या.

काही राउटर ‘सिग्नल अमुक आकड्याखाली गेला की उपकरणाला बाहेर काढा’ अशी सोय देतात. मी ती शेवटचा उपाय म्हणून, आणि उणे ७८ किंवा ८० अशा सैल आकड्यावरच लावतो. फोनला हाकलले म्हणजे तो आपल्याला हव्या त्या दाराशी जाईल असे नाही. कधी तो पुन्हा त्याच दारावर येतो, पुन्हा हाकलला जातो, आणि मग कंटाळून मोबाईल डेटावर निघून जातो.

आता आपण ऐकलेल्या, किंवा राउटरच्या खोक्यावर पाहिलेल्या, तीन अक्षरांविषयी : ८०२.११-के, व्ही आणि आर. के आणि आर २००८ साली आले, व्ही २०११ साली. के मुळे राउटर फोनला शेजाऱ्यांची यादी देतो, त्यामुळे फोनला सगळ्या चॅनेलवर फेरी न मारता दोन-चार ठिकाणीच डोकावावे लागते. मघाशी सांगितलेला शोधाचा वेळ इथे वाचतो. व्ही मुळे राउटर फोनला ‘तिकडे गेलास तर बरे’ अशी सूचना करू शकतो, आणि फोन ती नाकारूही शकतो. आर मुळे किल्ल्या ठरवण्याचे काम जोडणीच्या संदेशांतच उरकले जाते. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन असलेल्या मोठ्या संस्थांच्या नेटवर्कमध्ये आर चा फायदा खूप मोठा आहे, कारण तिथे एरवी प्रत्येक वळणावर प्रमाणीकरणाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यावे लागते. घरगुती पासवर्डवर तो किरकोळ आहे, आणि आर चालू केल्यावर काही जुनी उपकरणे, विशेषतः प्रिंटर आणि स्वस्त स्मार्ट उपकरणे, जोडलीच जात नाहीत असा माझा अनुभव आहे. मी घरांमध्ये के आणि व्ही चालू ठेवतो आणि आर ला सहसा हात लावत नाही.

पण आपल्या बाबतीत एक अडचण आहे. आपले दोन्ही राउटर वेगवेगळ्या उत्पादकांचे आणि एकमेकांना अनोळखी आहेत. वरच्याला खालचा ‘शेजारी’ आहे हेच ठाऊक नाही, तर तो फोनला यादी काय देणार? ही तिन्ही अक्षरे एकाच व्यवस्थेखालच्या अ‍ॅक्सेस पॉइंटमध्येच खऱ्या अर्थाने कामाला येतात. मेशचा संच घेताना आपण पैसे मोजतो ते मुख्यतः या आपसातल्या ओळखीसाठी, आणि त्यातही अंतिम निर्णय फोनचाच राहतो. केबल आधीच वर गेलेली असताना मेश घेतलाच तर त्याचे खोकेही केबलनेच जोडा. हवेतून जोडलेला मेश ही केबल नसलेल्या घराची तडजोड आहे. वाय-फाय ७ मधल्या एकाच वेळी अनेक पट्ट्या वापरण्याच्या सोयीनेही हा प्रश्न मिटत नाही, कारण त्या पट्ट्या एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटच्या असतात.

उपकरणाच्या बाजूने करण्यासारखे थोडेच आहे. विंडोज लॅपटॉपमध्ये इंटेलचे वाय-फाय कार्ड असेल तर ड्रायव्हरच्या प्रगत गुणधर्मांत रोमिंगची आक्रमकता, म्हणजे एका रेडिओवरून दुसऱ्याकडे वळण्याची तत्परता, पाच पायऱ्यांत बदलता येते. मधल्या पायरीवरून एक पायरी वर नेऊन पाहण्यास हरकत नाही. टोकाच्या पायरीवर लॅपटॉप सारखा इकडेतिकडे पाहत राहतो. फोनमध्ये अशी सोय सर्वसाधारण वापरकर्त्याला सहसा दिलेली नसते.

राहिला वेगळ्या नावांचा मुद्दा. दोन नावे दिली की फोनला ती दोन वेगळी नेटवर्के वाटतात. मग चालू नेटवर्क पार हातातून जाईपर्यंत तो बहुधा दुसऱ्याकडे वळत नाही, म्हणजे आज आहे त्यापेक्षा जास्त चिकटेल. त्यातच अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नावासाठी स्वतःचा वेगळा बनावट मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाच्या रेडिओची ओळख सांगणारा पत्ता (ॲपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही), वापरतात. नाव एकच असेल तर तो पत्ता दोन्ही राउटरांवर तोच राहतो आणि आयपीही टिकतो. नाव बदलले की मॅक पत्ता बदलतो, त्यामुळे डीएचसीपीकडून आयपीही नवा मिळतो आणि कॉल हमखास तुटतो. हाताने नेटवर्क निवडण्याची सवय असलेल्यांना दोन नावे बरी वाटतात, कारण निर्णय आपल्या हाती येतो. पण दिवसातून दहा वेळा जिना चढणाऱ्याला ते जमणारे नाही.

वेगळे नाव मी एकाच कामासाठी देतो : जागचे न हलणारे, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे दिवे, प्लग, कॅमेरे यांच्यासाठी. यातली काही उपकरणे पहिल्या जोडणीच्या वेळी एकाच नावाखालच्या दोन पट्ट्यांमध्ये गोंधळतात. त्यांना २.४ वर एक जादा नाव द्यावे आणि फोन, लॅपटॉप यांना त्या नावाचा पासवर्ड कधी देऊ नये.

तर आधी केबलचे पोर्ट आणि दोन्ही मजल्यांवरचा आयपी पत्ता पाहा आणि ते दुरुस्त झाल्यावर एक दिवस तसेच वापरा. कॉल तुटणे थांबले की नाही हे तेवढ्यात कळेल. नंतर शक्ती, मग जागा, मग बाकीचे, आणि दर वेळी एकच बदल. तरीही अडले तर जिन्यावरच्या प्रयोगाचा कागद इथे टाका : प्रत्येक थांब्यावरचा बीएसएसआयडीचा शेवटचा दोन अक्षरी भाग, चॅनेल आणि सिग्नलचा आकडा, शिवाय फोनचे मॉडेल. पूर्ण बीएसएसआयडी टाकू नका, त्यावरून घराचे ठिकाण शोधता येऊ शकते.